फ्रेंचमध्ये सगळेच परगावचे

किस्से जमवणे हा माझा छंद नसून अभ्यासविषय आहे, असे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. एकेका कथेसाठी दोन-दोन एसट्या बदलल्या, टेपरेकॉर्डर पुढे ठेवून "आजी, आणखी एक सांगा" अशी आर्जवे केली. पण आज मित्रमंडळी मला जे किस्से पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, त्यांतला एकही मी असा जमवलेला नाही. शोधायला निघालो की किस्से दडून बसतात. आपण दुसऱ्याच कामात गढलेले असलो की मात्र शेजारच्या बाकावर येऊन बसतात, आणि एक बसला की आपल्या भावंडांनाही बोलावतो!

माझ्या बाबतीत ते दुसरे काम म्हणजे फ्रेंच, आणि बाक म्हणजे लक्ष्मी रस्त्यामागच्या एका शाळेतला तिसरीच्या मुलांचा बाक.

लोककथांच्या वर्गीकरणावरचे काही जुने फ्रेंच ग्रंथ मला मुळातून वाचायचे होते. पन्नाशी उलटली होती. पुण्यात तेव्हा संगणकाचे वारे नव्याने सुटले होते. दोन हजार साल उजाडताच जगभरचे संगणक बंद पडणार, या भीतीवर कितीतरी तरुणांच्या नोकऱ्या उभ्या होत्या. आणि इंग्रजीखेरीज आणखी एखादी परकी भाषा येत असेल तर कंपनी 'ऑनसाइट', म्हणजे थेट परदेशी, पाठवते, ही बातमी पेठांपर्यंत पोचली होती. त्यामुळे आमचा संध्याकाळचा वर्ग चांगला बावीस जणांचा होता.

शिकवायला आपटे मादाम होत्या. मादाम म्हणजे अस्सल पुणेरी बाई. सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवून देवळात सोडायचे, मग वर्गावर यायचे आणि दारातूनच "बाँस्वार" म्हणायचे, असा त्यांचा क्रम. त्यांची शिकवण्याची पद्धत मात्र पॅरिसची नव्हती, पाढ्यांची होती. एकाने वाक्य म्हणायचे, ते बरोबर आले की साऱ्या वर्गाने तेच वाक्य तीनदा, एका सुरात, मोठ्याने म्हणायचे. "भाषा डोक्यात बसत नाही, जिभेवर बसते," असे त्यांचे मत होते. आपापल्या क्षेत्रात मान असलेली प्रौढ माणसे "माझे नाव पिएर आहे" असे तीनदा ओरडत असत, आणि कुणालाही त्यात वावगे वाटत नसे.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने फ्रेंच का शिकायचे ते सांगितले. बँकेतून निवृत्त झालेले गोखलेसाहेब म्हणाले, "मुलगा फ्रान्सला आहे. सून तिकडचीच. तिच्या आईवडिलांशी मला काही बोलायचं नाहीये. पण ते आपापसात काय बोलतात ते कळलं पाहिजे!"

मुक्ता गद्रे नावाची पंचविशीतली मुलगी म्हणाली, "मी भाषांतराच्या ऑफिसात आहे. पंपांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत करते. फ्रेंच आलं तर निदान वेगळे पंप मिळतील."

प्रवीण वानखेडे हा संगणक अभियंता उठला, इंग्रजीत एकच वाक्य बोलला, त्याच्या कंपनीचा फ्रान्समध्ये एक ग्राहक आहे एवढे सांगितले आणि खाली बसला.

मी कथाबीजे, त्यांचे स्थलांतर आणि त्यांच्या सूचींतील उणिवा यांविषयी सुमारे आठ मिनिटे बोललो. मादामनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, आपण योग्य ठिकाणी आलात. इथे वाक्यं लहान करायला शिकवतात."

* * *

आमच्या पाठ्यपुस्तकात चौथा धडा प्रेमाचा होता आणि भाजी खरेदीचा सातवा. हा अनुक्रम मला अभ्यासकाच्या दृष्टीने उद्बोधक वाटला. आपल्याकडे कुणी परक्यांसाठी मराठीचे पुस्तक रचले, तर भाजी, बस, नातेवाईक, आजारपण आणि भाडेकरू हे सर्व आटोपल्यावर, पाने उरली तर प्रेम येईल. आपल्या लोककथेतला राजपुत्रसुद्धा प्रेम बोलून दाखवत नाही. तो विहिरीपाशी येतो आणि पाणी मागतो. पुढचे सगळे त्या पाण्यातून समजून घ्यायचे!

मादामनी गृहपाठ दिला. 'ज तेम', म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे', हे वाक्य घरच्या एका तरी माणसाला म्हणायचे आणि समोरून काय उत्तर आले ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे.

मी जेवताना पत्नीला म्हटले. तिने आधी अर्थ विचारला. मी सांगितला. तिने आमटी वाढली आणि म्हणाली, "बरं. परीक्षा कधी आहे?"

मुक्ताने वडिलांना म्हटले. तिचे वडील, गद्रे मास्तर, शाळेत पस्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले होते. आता ते लग्नपत्रिकांची मुद्रिते तपासत, आणि तपासणीला न आलेल्या पत्रिकाही लाल शाईने दुरुस्त करून पाठवणाऱ्याकडे परत धाडत. त्यांनी मुलीकडे चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "काय हवंय?"

प्रवीणची पाळी आली तेव्हा तो इंग्रजीत म्हणाला, पुण्यात घरचे कुणी नाही. खोलीवर एक मित्र आहे, पण त्याला सांगणे योग्य वाटले नाही.

गोखलेसाहेबांनी मात्र गृहपाठ केलाच नव्हता. "मादाम, एकदम एवढ्यावर नको," ते म्हणाले. "काही प्राथमिक स्वरूपाचं असेल तर द्या."

* * *

प्राथमिक म्हणून मादामनी त्यांना लाडाने हाक मारण्याचे शब्द दिले. फ्रेंच माणूस प्रिय व्यक्तीला 'मों शू' म्हणतो. शब्दशः अर्थ, माझा कोबी. गोखलेसाहेबांनी तो वहीत लिहून घेतला, खाली रेघ मारली आणि रविवारी सकाळी पत्नीबरोबर मंडईत गेले.

स्थळाची निवड त्यांनी विचारपूर्वक केली होती. घरी म्हणावे तर सोसायटीच्या भिंती पातळ. मंडईत गलका असतो; धीर झालाच नाही तर काही बोललोच नाही असे म्हणता येते.

वहिनी मेथीच्या जुड्या निवडत होत्या. साहेब पिशवी धरून मागे उभे होते. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मों शू."

"काय?"

"तुला म्हटलं. फ्रेंचमध्ये बायकोला म्हणतात तसं."

"अहो, पण म्हणजे काय?"

"कोबी," साहेब म्हणाले.

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. भाजीवाली हातातला तराजू तसाच धरून ऐकू लागली.

"कोबी?" वहिनी म्हणाल्या. "अडतीस वर्षं ताटात बाजूला सारता, तो?"

ही हकीकत साहेबांनीच आम्हाला सांगितली, तीही अगदी कोरड्या चेहऱ्याने. पुढे ते म्हणाले, "त्या दिवशी कोबीच केला होता. मी दोनदा घेतला." आणि वही उघडून पुढच्या धड्याकडे वळले.

* * *

आता प्रवीणविषयी सांगायला हवे. मराठी नाव, मराठी आडनाव. पण वर्गात कुणाशी मराठीत बोलताना आम्ही त्याला कधी ऐकले नव्हते. इंग्रजीत तुटक बोले. फ्रेंच मात्र असे बोले, की मादाम डोळे मिटून ऐकत! आणि तो रोज मुक्ताच्या मागच्या बाकावर बसतो, ही गोष्ट बावीस जणांच्या वर्गात एकवीस जणांना ठाऊक होती. बाविसावे गोखलेसाहेब.

भावना व्यक्त करण्याच्या तोंडी सरावाचा दिवस होता. मादाम म्हणाल्या, वर्गातल्या कुणालाही उद्देशून एक पूर्ण वाक्य बोला. कुणी म्हटले, 'मी रागावलो आहे.' कुणी म्हटले, 'मी दमले आहे.' प्रवीण उठला. वही मिटली. मग एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाला, "मुक्ता, ज तेम."

मुक्ताने मान वळवली नाही, पण तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

मादामनी फक्त उच्चार ऐकला होता. "शाब्बास! हुबेहूब पॅरिस! चला, सगळ्यांनी!"

पद्धत म्हणजे पद्धत. वीस जणांनी एका सुरात, खिडक्यांची तावदाने थरथरतील अशा आवाजात, तीनदा म्हटले, "मुक्ता, ज तेम! मुक्ता, ज तेम! मुक्ता, ज तेम!" सर्वांत वरचा आवाज गोखलेसाहेबांचा. आणि वर्गाच्या नियमाला अपवाद नसल्यामुळे खुद्द मुक्तानेही, स्वतःचे नाव घेऊन, तीनदा म्हटले!

एवढ्यात शाळेचे शिपाई जिना चढून वर आले. "मादाम, मुक्ता कोण? तिचे वडील खाली उभे आहेत. वर काय चाललंय, विचारतायत."

घरी जाताना गद्रे मास्तर मुलीला एवढेच म्हणाले, "तुमच्या वर्गात तुझं एकटीचंच नाव अभ्यासाला लावलंय का?"

* * *

त्यानंतरच्या आठवड्यात बाकाच्या फटीत प्रवीणचे बोट चेमटले आणि तो ओरडला, "बापा बापा!" ते दोन शब्द ऐकून मी चमकलो. जात्यावरच्या ओव्या गोळा करत मी वर्धा-अमरावतीकडे चार उन्हाळे काढले होते. वर्ग सुटल्यावर त्याला अमृततुल्यात घेऊन गेलो आणि त्याच्याच बोलीत विचारले, "कोनत्या गावचा रे बापू तू?"

त्याने कप खाली ठेवला. "आर्वीजवळचा, सर," तो म्हणाला. मग सांगू लागला.

पुण्यात नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये त्याने एका सहकाऱ्याला सहज विचारले होते, "काय करून राहिला?" टेबलावरचे सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे. "परत म्हण ना," म्हणाले. त्याने परत म्हटले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्यांना बोलावून आणले आणि पुन्हा म्हणायला लावले. तिसऱ्या दिवसापासून प्रवीण कंपनीत इंग्रजी आणि खाणावळीत हिंदी बोलू लागला.

"तीन वर्षं झाली, सर. मराठीत बोलाचं म्हटलं का जीभच उचलत नाई. सुटीत घरी गेलो का बोलतो, तेवढंच."

"आणि फ्रेंच?"

"फ्रेंचमध्ये बरं हाय, सर. तिथं सगळेच परगावचे!" तो पहिल्यांदाच हसला. "मादाम म्हणते, तुये उच्चार पॅरिससारखे हाय. कोनी माह्या उच्चाराले सदाशिव पेठेसारखे म्हटलं का आजपर्यंत?"

मी मुक्ताचा विषय काढला. त्याचे हसू गेले. "तिले मी मराठीत काय सांगू, सर? तिचे वडील लोकाईच्या लग्नपत्रिका लाल शाईनं रंगवते. मी तं पहिल्याच वाक्याले नापास."

आपल्याकडचा प्रेमिक जातीला भितो, पत्रिकेतल्या मंगळाला भितो, मुलीच्या भावाला भितो. स्वतःच्या मातृभाषेला भिणारा मला तोवर कुठल्याही संग्रहात आढळला नव्हता. आमच्या शास्त्रात त्याला वेगळा क्रमांक द्यावा लागला असता.

* * *

गणपतीनंतर मादामनी प्रेमपत्र लिहायला दिले. वह्या तपासण्याचीही त्यांची पद्धत ठरलेली होती. पुढच्या बाकावरच्याने मागच्या बाकावरच्याची वही पेन्सिलीने तपासायची, शेवटी शेरा लिहायचा आणि मगच ती मादामकडे जायची. माझे पत्र गोखलेसाहेबांकडे गेले. त्यांनी शेरा दिला, "मजकूर बरा. मुद्दा तिसऱ्या पानावर येतो."

प्रवीणची वही अर्थात मुक्ताकडे गेली. चार पाने भरली होती. वरच्या ओळीत मुक्ताचे नाव होते. ती प्रवीणला शेजारी बसवून सगळे वाचत गेली. दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली, एक पान मागे जाऊन पुन्हा वाचले.

भाषांतराच्या ऑफिसात, मुक्ताने मला नंतर समजावून सांगितले, एक रीत असते. हाती आलेला मजकूर कितीही सुबक असला, तरी तो दुसऱ्या भाषेतून आलेला वाटला, तर तपासणाऱ्याने पुढे जाण्याआधी मुळाची मागणी करायची. मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय सही करायची नाही. मग पंप असो की प्रेम!

तिने शेवटच्या पानाखाली मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिले, "हे भाषांतर दिसते. मूळ प्रत जोडावी."

प्रवीण तो शेरा घेऊन माझ्याकडे आला. "सर, हे काय हाय? हो म्हणते का नाई म्हणते?"

मी म्हटले, "वानखेडे, ती कागदपत्रं पुरी करायला सांगतेय. नाही म्हणायचं असतं, तर फाईल परत केली असती."

तो वही पिशवीत ठेवून निघून गेला. त्यानंतर पंधरा दिवस तो वर्गात फ्रेंचही बोलला नाही.

* * *

नोव्हेंबरात तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाहेरचे होते. त्यांनी गोखलेसाहेबांना फ्रेंचमध्ये सांगितले, आपल्या पत्नीचे वर्णन करा.

साहेबांना भावनांची शब्दसंपदा त्या क्षणी आठवेना. त्यांनी आयुष्यभर हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले होते. तोच साचा त्यांनी फ्रेंचमध्ये घातला. "वेळेवर येते. अत्यंत प्रामाणिक. तिजोरीच्या किल्ल्या निर्धास्त सोपवाव्यात. बदलीची शिफारस करत नाही."

परीक्षकांनी उठून हात मिळवला, आणि साहेब वर्गात पहिले आले!

निकालानंतर मादामनी शाळेतच छोटे संमेलन ठेवले. घरच्या मंडळींना बोलावले. गोखलेवहिनी आल्या होत्या. मादाम त्यांना कौतुकाने म्हणाल्या, "वहिनी, फ्रान्समध्ये नवरा बायकोला दिवसातून तीनदा सांगतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून."

"तरीच," वहिनी म्हणाल्या. "पातळ होत असेल, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागत असेल. आमच्याकडे एकदा सांगितलं की जन्मभर पुरतं."

"अय्या, मग साहेबांनी कधी सांगितलं होतं?"

"अजून नाही सांगितलं," वहिनी बटाटेवड्याची बशी पुढे सरकवत म्हणाल्या. "पण पुरलं."

मी हे वाक्य तिथल्या तिथे कागदी रुमालावर टिपून घेतले. शेजारी प्रवीण उभा होता. तो गोखले पतिपत्नींकडे पाहत होता; खोलीच्या दुसऱ्या टोकाला मुक्ता वडे वाढत होती, आणि त्याचे तिच्याकडे बघण्याचे धाडस होत नव्हते.

* * *

डिसेंबरात दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. प्रवीणला कंपनीने दोन वर्षांसाठी फ्रान्समध्ये लिऑनला पाठवायचे ठरवले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचे होते. आणि गद्रे मास्तरांनी मुक्ताचे नाव वधुवर सूचक मंडळात नोंदवले.

शनिवारी संध्याकाळी प्रवीण माझ्या दारात उभा. "सर, उद्या तुम्ही चला माह्यासंगं मास्तरांकडे. तुम्ही बोला. तुम्हाले जमते."

दूत होऊन जाण्याची परंपरा आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. हंसापासून मेघापर्यंत सर्वांनी ते काम केले आहे. रविवारी मी स्वेटर घालून त्याच्याबरोबर निघालो.

दार मुक्तानेच उघडले. "बाबा, आलेत," एवढे म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि पडदा ओढून घेतला. मास्तर शाल पांघरून खुर्चीत बसले होते, मांडीवर कुणाची तरी लग्नपत्रिका, हातात लाल पेन. त्यांनी खुणेने बसा म्हटले.

मी सुरुवात केली. थोडक्यात बोला, असे पत्नीने मला बजावले होते, पण तरी सुरुवातीलाच विवाहसंस्थेचा उल्लेख झाला, आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या चालीरीतींकडे जावे लागले. तिसऱ्या वाक्याच्या मध्यावर मास्तरांनी पेनाला टोपण लावले.

"आपण लोकसाहित्याचे अभ्यासक ना?"

"हो."

"उत्तम. लग्न आपल्याला करायचंय का?"

"नाही, नाही..."

"मग ज्यांना करायचंय, त्यांना बोलू द्या."

प्रवीण उठून उभा राहिला, जसा वर्गात राहत असे. घाबरून तो इंग्रजीत म्हणाला, "सर, आय वॉन्ट टू..."

"इंग्रजी मला येतं," मास्तर म्हणाले. "पण मुलगी मराठीत वाढवलीय."

पडद्याआड भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. प्रवीणने माझ्याकडे पाहिले. मी काही करू शकत नव्हतो.

मग तो बोलला. डोळे जमिनीकडे. पण थांबला नाही.

"सर, मले शुद्ध बोलता येत नाई. येनार बी नाई, मी खोटं काऊन सांगू. पन मुक्ता मले आवडते. लय आवडते. वर्ष झालं, मी तिले परक्या भाषेत सांगून राहिलो, कारन माह्या भाषेत सांगाची हिंमत नोयती. मी जाईन तिथं काम करीन, दोन वर्षांनी वापस येईन. तिले सुखात ठेवीन. तुम्ही जे म्हनान ते मले मंजूर हाय. हसले तरी मंजूर हाय."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. शेवटी प्रवीणकडे.

"वानखेडे," ते म्हणाले, "आपण चुकीच्या खोलीत बोलताय. ती आत आहे."

प्रवीणला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तो पडद्यापाशी गेला, क्षणभर थबकला आणि आत शिरला.

आम्ही दोघे समोरासमोर बसून राहिलो. आतून प्रवीणचा आवाज येऊ लागला. हळू, अडखळत, मग सरळ, मग वेगाने; तीन वर्षांत तुंबलेली सगळी बोली, आर्वीचे सारे शिवार घेऊन, न थांबता वाहू लागली. मध्येच मुक्ताचा आवाज आला. मग दोघांचा. मग ती हसली, आणि तोही हसला.

मास्तर मान किंचित कलती करून ऐकत होते. लाल पेन शालीत कुठेतरी हरवले होते.

"इतकं भरभर बोलतोय," ते म्हणाले. "मला काही शब्द लागत नाहीत. आपल्याला कळतंय?"

"कळतंय," मी म्हटले. "त्या भागात मी चार उन्हाळे काढलेत. सगळं कळतंय."

"अक्षर न् अक्षर?"

"अक्षर न् अक्षर."

"मग मला सांगू नका," मास्तर म्हणाले. आणि उठून, त्या डिसेंबरच्या थंडीत, शाल छातीशी आवळून धरत, त्यांनी खडखडणारा पंखा पाचावर लावला.